नवस फिटला आणि बाटली चुकली

“आमच्या आबांपुढं सोलापूरच्या दवाखान्यानं हात टेकलं व्हतं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, घिऊन जावा घरी. मंग म्या माळावरच्या पिराला कंदुरी बोललो, आन् आबा सोता बकऱ्याची दोरी धरून पिरापतूर चालत गेलं. लई कडक पीर हाय.”

हा मजकूर माझा पुतण्या महादेव याचा आहे; त्यातले आबा म्हणजे मी. कळंबच्या आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, सलूनच्या बाकड्यावर, जिथे चार माणसे गप्प बसलेली दिसतील तिथे तो हे सांगतो. महादेव लबाड नाही. लबाड माणसाला गप्प करता येते. महादेवचा स्वतःच्या सांगण्यावर पुरता विश्वास आहे, म्हणून त्याच्यापुढे माझे काही चालत नाही. वरच्या मजकुरातले शेवटचे वाक्य त्याच्या श्रद्धेचे आहे, त्याला मी हात लावत नाही. दोरी धरून चालत गेल्याचे खरे आहे. पण पहिले वाक्य धादांत खोटे आहे, दुसरे अर्धे तोडलेले आहे, आणि या सगळ्यावर विसंबून उमरग्याकडच्या एका गावात एका तरुण बाईचे औषध बंद करण्यात आले आहे. तिलाही माझाच आजार आहे. तसे नसते तर मी या वयात लेखणी उचलली नसती; मला माझ्या पायांची जाहिरात करायची हौस नाही.

माझ्याविषयी एवढे पुरे: मेंढपाळाच्या घरात जन्मलो, शिकलो आणि पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. गाव मला ढोराचा डॉक्टर म्हणते. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे त्याच्या चालीवरून ओळखणे हे माझे काम होते आणि ते मी चोख केले.

चप्पल

आजार सुरू झाला तो उजव्या पायातली चप्पल निसटण्यापासून. निसटली हे दुखणे नव्हे. निसटल्याचे मला कळले नाही, हे दुखणे. मागून येणारी माझी पत्नी कौसल्या ओरडली, “अवो, चप्पल तिकडं ऱ्हायली की! ध्यान कुठं हाय?” मी वळून पाहिले तर चप्पल मागे धुळीत पडलेली आणि मी अनवाणी. तळव्याला खडा टोचला नव्हता, मातीही लागली नव्हती. म्हणजे लागली असणार. मला समजली नव्हती.

मग डावा पाय गेला. मग हात. ज्या हातांनी अडलेल्या म्हशींची रेडके सोडवली, त्या हातांना सदऱ्याचे बटण लावता येईना आणि पायजम्याची नाडी बांधता येईना. नाडी कौसल्या बांधू लागली. बांधताना ती एक शब्दही बोलत नसे. तिचे ते न बोलणे मला सहन होत नसे आणि मी तिच्यावरच ओरडत असे.

या काळात मला जी उत्तरे मिळाली ती ऐका. कळंबच्या एका डॉक्टरांनी सांगितले, वय झाले. मी विचारले, “म्हातारपण दोन्ही पायांत एकाच महिन्यात येते काय?” त्यांनी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले. धाराशिवला दुसऱ्याने मणक्यातले अंतर वाढल्याचे सांगून कमरेला पट्टा दिला. पट्टा बांधून मी काठीवर आलो. भावकीने करणी असा शब्द काढला आणि महादेवने त्याच सुमारास माळावरच्या पिराला कंदुरी, म्हणजे बकऱ्याचा नवस, बोलली. ही वेळ लक्षात ठेवावी. नवस बोलला गेला तेव्हा मी काठी घेऊन का होईना चालत होतो. नवस बोलून झाल्यावर मी काठीवरून खाटेवर आलो.

हातोडी

सोलापूरला नसांच्या आजारांच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीसारख्या होत्या. त्यांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, तोही हलला नाही. त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिले.

“काका, एवढं होईपर्यंत डॉक्टरांकडे आला का नाहीत?”

“आलो होतो. तुमच्याच व्यवसायातल्या लोकांकडे.”

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “खरंय,” एवढेच म्हणाल्या. माझ्या आजारपणात डॉक्टर जमातीने दिलेली ही पहिली कबुली, म्हणून नोंदवतो.

मग हातापायांना तारा लावून विजेचे झटके दिले, पाठीतून पाणी काढले. निदान झाले ते दुपारच्या वेळी, बाहेरच्या बाकड्यावर कौसल्या शेंगदाणे सोलत बसली असताना. आजाराचे नाव लांबलचक आहे. सोयीसाठी त्याला सीआयडीपी म्हणतात. तो विरळा आहे. शरीराचे रक्षण करणारी शक्ती शरीराच्याच नसांवर उलटते आणि वायरीवरचे रबर सोलावे तसे नसांवरचे वेष्टन सोलून काढते.

मी म्हणालो, “राखणीला ठेवलेला कुत्राच कळपावर धावला म्हणा की.”

“अगदी तसंच.”

“असा कुत्रा आम्ही मारून टाकतो.”

“इथं मारता येत नाही, काका. त्याला आवरायचं. आणि आयुष्यभर आवरत राहावं लागेल.”

आयुष्यभर हा शब्द त्यांनी त्या दिवशीच उच्चारला होता. महादेव खोलीत होता. त्याने तो शब्द ऐकला आणि तिथेच सोडून दिला.

बाटलीत काय होते

औषध काचेच्या बाटलीतून आले: फिकट, किंचित पिवळसर. इम्युनोग्लोब्युलिन. ते शिरेतून थेंबाथेंबाने जाते आणि घाई केली तर माणसाला हुडहुडी भरते. परिचारिका तासातासाने येई, रक्तदाब पाही, थेंबांचा वेग जरासा वाढवी. बाटली हलवायची नाही, तिला फेस येऊ द्यायचा नाही. पहिल्या दिवशी माझे डोके असे दुखले की मी सुई उपटायला निघालो होतो. तिने माझा हात नुसता धरून ठेवला. “बाबा, ही बाटली करायला लई लोकांनी हात पुढं केलेत. तुमी एक मागं घेऊ नका.”

त्या वाक्याने मला विचारायला लावले. उत्तर डॉक्टरांनी दिले. माणसाच्या रक्तातून लाल पेशी बाजूला काढल्या की पिवळसर द्रव उरतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. हजारो माणसांचा प्लाझ्मा गोठवून कारखान्यात आणतात, तपासतात, एकत्र करतात, त्यातली प्रथिने एकेक करून वेगळी काढतात, रोगजंतू राहू नयेत म्हणून पुनःपुन्हा शुद्ध करतात. या सगळ्याला महिनोन्महिने लागतात. ज्यांचे रक्त गोठत नाही त्यांचे एक औषध त्यातूनच निघते, माझ्यासारख्यांचे दुसरे.

मला हे समजायला कष्ट पडले नाहीत. कंदुरीत बकऱ्याचे रक्त पातेल्यात धरतात. ते थिजले की वर पिवळे पाणी सुटते. लहानपणापासून मी ते पाहत आलो होतो आणि फेकून देत आलो होतो. साप चावल्यावरचे औषध घोड्याच्या रक्तातून निघते हे मला नोकरीमुळे ठाऊक होते. फरक एवढाच की माझे औषध घोडा देऊ शकत नाही. ते कुठल्याही रसायनातून उकळून काढता येत नाही. कुठेतरी अनोळखी माणसाने दंड पुढे केला, तरच ती बाटली भरते.

याच दिवसांत माझा मेहुणा भेटायला आला.

“दाजी, हे रगात कुणाकुणाचं असंल म्हणायचं?”

“हजारोंचं.”

“तसं न्हाय. म्हंजी... त्यात कोण कोण असतेत?”

त्याला काय विचारायचे होते ते मला कळले होते. “सगळे असतात. फक्त तू नसावास, एवढीच माझी इच्छा आहे.”

तो चहा अर्धा ठेवून उठला. कौसल्या माझ्यावर उखडली. “माझा भाऊ हाय त्यो!”

“भाऊ आहे म्हणून एवढ्यावर सोडला.”

पहिला फेरा संपला आणि आठवडाभरातच पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्श कळला. रडायला आले, रडलो नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “आता घरी घेऊन जा. दर महिन्याला बाटलीसाठी आणा, चुकवू नका.” महादेवने पहिले वाक्य बाजारात नेले. दुसरे त्याने दवाखान्याच्या पायरीवरच टाकले.

दोरी

दवाखान्यात बाटली लावायच्या खोलीत, दर महिन्याच्या फेरीत, मला सुनीता भेटली. उमरग्याकडची, दोन लेकरांची आई, वयाने माझ्या नातीहून थोडी मोठी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिची नणंद तिला घोट घोट पाणी पाजत होती. पुढे एकदा मी खोलीत शिरताच तिने पाठ माझ्याकडे केली.

“आबा, बघा.”

“काय बघू?”

“वेणी! आज माझी वेणी म्या घातली.”

वेणी वाकडी होती. मी तसे सांगितले. ती हसली, “वाकडी का हुईना, माझी हाय.” आजारपणाने मला जे थोडे चांगले दिले त्यात ही वाकडी वेणी आहे.

चारपाच फेऱ्यांनंतर मी काठीशिवाय चालू लागलो आणि महादेवने कंदुरी उरकायची ठरवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवसाचा बकरा पिराला दाखवायचा, तिथेच कापून शिजवायचा आणि गाव जेवू घालायचे. आमच्या घरात त्याला एक जोडरीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याने स्वतः बकऱ्याची दोरी धरून, आपल्या पायांनी पिरापर्यंत जायचे. तोवर नवस फिटत नाही.

मी गेलो. नाकारून भावकीशी नवे भांडण काढण्याची माझी इच्छा नव्हती, आणि खरे सांगायचे तर मला गावाला चालून दाखवायचे होते. बकरा काळाभोर, लोंबत्या कानांचा, अस्सल उस्मानाबादी होता. हिसडे मारत होता आणि मी त्याला आवरत होतो. रस्सा उत्तम होता. मी दोनदा घेतला. मी कंदुरीचा द्वेष करतो असे जे म्हणतात त्यांनी हे वाचावे.

पण आता रीत काय सांगते ते पाहा. बकरा न्यायला आधी पाय लागतात. पाय नसते तर बकरा आणखी वर्षभर चरत राहिला असता. मला चालता आले म्हणून बकरा पिरापर्यंत पोहोचला. ज्याच्या पायांमागून बकरा गेला, त्याला बकऱ्याने चालवले हे गणित मला कोणीतरी समजावून सांगावे. महादेव म्हणतो, नवस बोलल्या क्षणापासून लागू होतो. नवस बोलल्यावर मी खाटेवर पडलो, हे वर सांगितलेच आहे.

चुकलेली बाटली

कंदुरीनंतरच्या बाटलीचा दिवस आला. मी सदरा घालून अंगणात बसलो. सोलापूरला महादेवची जीप न्यायची. महादेव आला, पण किल्ली खिशातच.

“आबा, आता कशाला? नवस फिटलाय.”

“बाटली फिटलेली नाही.”

“फिटल्या नवसावर सुई टोचली तर पिराला काय वाटंल? इश्वास न्हाय म्हणून घेतली म्हणंल की. गावानं मटण खाल्लंय.”

“गावाने मटण खाल्ले, म्हणून माझ्या नसांना वेष्टन आले काय?”

“तुमचं बोलणंच तसलं!”

मी कौसल्येकडे पाहिले. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या या खेपंला. चालताव की चांगलं. उगं देवाधर्माच्या वाकड्यात कशाला?” माझे स्वतःचे घर त्या दिवशी माझ्याविरुद्ध गेले. मी लाथाडायला हवे होते असे आज लोक सांगतात. लाथाडायला दुसरी जीप लागते.

महिना चुकला. दुसरा चुकला. सदऱ्याचे बटण पुन्हा लावता येईना. मी कोणाला सांगितले नाही. बटण न लावता बसू लागलो. मग एके सकाळी अंगणात चप्पल मागे राहिली आणि कौसल्येने ती पाहिली. या वेळी ती ओरडली नाही. चप्पल उचलून हातात धरून उभी राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी अंगणात कोसळलो. कळताच महादेव आला. भावकी जमली होती. मला उचलून खाटेवर ठेवले होते आणि महादेव माझ्यावर चिडून बोलत होता.

“तुमी शंका धरली, म्हणून झालं हे! पिराम्होरं माझी मान खाली घातलाव. आता म्या परत नवस बोलणार न्हाय, घरात कुणाला बोलूबी देणार न्हाय. ज्याचा इश्वास न्हाय त्याच्यासाठी कोण बोलंल?”

हे शब्द त्याने आमच्या अंगणात, सगळ्यांसमोर काढले. त्याने ते पाळले, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो.

जीपची वाट न पाहता कौसल्येने शेजाऱ्याच्या टमटममध्ये मला घातले आणि एसटीच्या फाट्यावर आणले. बसच्या पायऱ्या माझ्यासाठी डोंगर होत्या. कंडक्टर आधी खेकसला, “म्हातारं आजारी हाय तर गाडी करून न्यायचं!” मग स्वतःच खाली उतरला आणि दोन प्रवाशांच्या मदतीने मला पोत्यासारखे वर घेतले. बसायला जागा दिली ती एका कॉलेजच्या मुलीने. तिचा मोबाइल सोलापूरपर्यंत एकदाही खाली गेला नाही, पण उठायला ती पहिली होती.

वाटेत मी कौसल्येला विचारले, “तू मनातल्या मनात काही बोललीस काय? नवस वगैरे?”

“सुचलंच न्हाय,” ती म्हणाली. “तुमचा पाय घसरून खाली जात व्हता. त्यो धरून बसले व्हते.”

डॉक्टरांनी मला पाहिले आणि रागाने त्यांचा आवाज चढला. आयुष्यात मला कोणी रागावलेले आवडले असेल तर त्या दिवशी. बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. ऊन उतरायच्या आत अंगठ्याला काही कळेल म्हणून मी मूर्खासारखी वाट पाहत होतो. कळायला दिवस गेले. पण कळले. मग टाच. मग गुडघा. मग मी आधार धरून उभा राहिलो, आणि पुढे आधार सोडून.

सुनीताचे दार

बाटलीच्या खोलीत सुनीता दिसेना. परिचारिकेला विचारले तर म्हणाली, येणे थांबले. मी सुनीताच्या गावी गेलो. वस्तीपाशी उतरून दारापर्यंत चालत गेलो, हेच माझे चुकले असे आता वाटते.

तिचा सासरा ओसरीवर होता. सज्जन माणूस आहे. आधी पाणी दिले, मग चहा सांगितला. म्हणाला, “कळंबच्या बाजारात बकरी बघाया आलो व्हतो, तितं तुमच्या पुतण्यानं सगळं सांगितलं. आमीबी कंदुरी बोललाव. बाटली बंद केली. नवस चालू असताना सुई टोचली तर इश्वास कुठं ऱ्हायला?”

“तो खोटे सांगतो. मी बाटलीने उठलो.”

त्याने माझ्या पायांकडे पाहिले. “तुमी सोता चालत आलाव की दारापतूर. आणखी काय पुरावा पायजे?”

माझे स्वतःचे पाय माझ्याविरुद्ध साक्ष देत होते. मी त्याला सांगितले, कंदुरीनंतर बाटली चुकली आणि मी पुन्हा पडलो. महादेव बाजारात हे सांगत नाही. सासऱ्याने शांतपणे मान हलवली.

“मंग दुसरा बकरा कापला असंल.”

“नाही.”

“कापलाच असंल. लोकं गुपचूप करतेत.”

आतल्या खोलीत सुनीता पडली होती. केस कोणीतरी कापून आखूड केले होते, विंचरायला सोपे म्हणून. ती म्हणाली, “आबा, मामांस्नी एवढंच सांगा, बाटलीबी चालू द्या आन् नवसबी चालू द्या. म्या दोनीला न्हाय म्हणत न्हाय.” या घरात शहाणपणाचे एवढे एकच वाक्य मी ऐकले, आणि ते ऐकायला ओसरीवर कोणी तयार नव्हते.

मी तडक घरी आलो आणि महादेवच्या गोठ्यात गेलो. तो बकऱ्यांना पाला टाकत होता.

“महादेव, मी दुसऱ्यांदा उठलो तेव्हा कोणता बकरा कापलास?”

“काय विचारताव आबा?”

“सरळ उत्तर दे. कोणता?”

पाला झाडत तो म्हणाला, “कुठला कापतूय? कुणी बोललंच न्हाय तर.”

“बाजारात हे सांगतोस काय?”

तो पाल्याचा उरलेला भारा सोडू लागला.

सुनीताच्या सासरेबुवांस माझे सांगणे असे. पिराला मानावे, बकरा बोलावा, बोललेला फेडावा. त्यात मी आडवा येणार नाही, जेवायलाही येईन. पण सुनेची बाटली या महिन्यात सुरू करावी. तिच्यासाठी अनोळखी माणसांनी दंड पुढे केले आहेत. ती बाटली दवाखान्याच्या थंड कपाटात पडून आहे आणि तुमची सून खाटेवर. पहिल्या वेळी बाटली आणि बकरा दोन्ही होते, म्हणून कोणी काहीही म्हणू शकते. दुसऱ्यांदा मी उठून चाललो तेव्हा बाटली माझ्या शिरेत होती आणि बकरा महादेवच्या गोठ्यात रवंथ करत होता.